घरं दोन, बिऱ्हाड एक: अमेरिकेत दोन राज्यांत घर असताना शिकारीचा रहिवासी परवाना कसा घ्यावा

दर ऑक्टोबरमध्ये मला हमखास एक फोन येतो. "न्यू जर्सीत एडिसनला राहतो, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्सच्या डोंगरात केबिन घेतली, न्यूयॉर्कला वेळेवर प्रॉपर्टी टॅक्स भरतो. मग हरणाच्या शिकारीचं लायसन्स तिथल्या रहिवाशाच्या दराने का नाही मिळणार?" मिळणार नाही, कारण टॅक्स घराचा असतो आणि लायसन्स माणसाचं. गावी सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून पुण्यात राहणाऱ्याचं नाव गावच्या मतदार यादीत लागत नाही, तसंच हे.

फोन करणाऱ्यातल्या निम्म्यांनी तोवर लायसन्स घेतलेलंही असतं. अडचण तिथेच आहे. काउंटरवर किंवा वेबसाइटवर फारसं कुणी अडवत नाही. तुम्ही "रहिवासी" म्हणालात की छापून मिळतं. प्रश्न नंतर विचारला जातो, तोही जंगलात किंवा घरी आलेल्या पत्रातून. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी खरेदी, मग कागद.

टप्पा १: फरक नेमका किती, ते आधी पाहा

न्यूयॉर्कचं साधं शिकार लायसन्स रहिवाशाला २२ डॉलर, बाहेरच्याला १०० डॉलर. न्यू जर्सीत बंदुकीच्या शिकारीचं २७.५० विरुद्ध १३५.५०. विस्कॉन्सिनमध्ये हरणाचं गन लायसन्स २४ विरुद्ध २००. म्हणजे पूर्वेकडे आणि मिडवेस्टात भांडण वर्षाला ऐंशी ते पावणेदोनशे डॉलरांचं आहे. तेवढ्यासाठी मतदार यादी, गाडीची नोंदणी, विमा आणि टॅक्स रिटर्न हलवायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पश्चिमेकडे चित्र वेगळं. मोंटानात बाहेरच्या माणसाचं एल्क (मोठ्या जातीचं हरीण) आणि हरणाचं एकत्रित लायसन्स हजार डॉलरच्या वर जातं, आणि तशी लायसन्सं वर्षाला १७,००० एवढीच काढायची अशी कायद्यातच मर्यादा आहे. तिथे रहिवासी असण्याचा फायदा पैशांइतकाच लायसन्सच्या सोडतीत नंबर लागण्याचा असतो.

दोन घरं असणाऱ्या बहुतेकांसाठी माझं उत्तर असं: बिऱ्हाड जिथे आहे तिथे रहिवासी लायसन्स, दुसऱ्या घरच्या राज्यात बाहेरच्या दराचं. दोन्ही एकाच वर्षी घेता येतात, त्यात बेकायदा काही नाही. दोन्हीकडे *रहिवासी* लायसन्स घेतलं की मात्र गडबड होते. एवढ्यावर भागत असेल तर टप्पा २ वाचा आणि थेट टप्पा ६ वर या.

टप्पा २: बिऱ्हाड कुठे आहे ते कागदांना विचारा

कायद्यातली भाषा राज्यागणिक बदलते, पण सगळीकडे शोध एकाच गोष्टीचा असतो: तुमचं कायमचं, मुख्य घर. घरं कितीही असोत, बिऱ्हाड एकच धरलं जातं. मालकीने ते ठरत नाही, हे कितीतरी राज्यांनी नियमांत स्पष्ट लिहून ठेवलंय. न्यूयॉर्क म्हणतं, जमीन असल्याने कुणी रहिवासी होत नाही. मिशिगन आणि विस्कॉन्सिन तेच म्हणतात. आयडाहोच्या कायद्यात घराच्या मालकीसोबत प्रॉपर्टी टॅक्सचंही नाव घेऊन ते पुरेसं नसल्याचं सांगितलंय. मोंटाना सगळ्यात रोखठोक: बाहेर राहून इथल्या मालमत्तेवर कर भरणारा मालक रहिवासी नाही.

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा, दोन राज्यांची नावं वर लिहा आणि खालच्या प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा.

- ड्रायव्हिंग लायसन्स कुठलं
- गाडी कुठे नोंदवलेली, विम्यावर ती रात्री उभी राहण्याचा पत्ता कुठला
- मतदार नोंदणी (फक्त नागरिकांनी)
- मागच्या वर्षीचं राज्याचं टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणून कुठे भरलं
- मुख्य घर म्हणून मिळणारी सवलत कुठे घेतली
- मुलांची शाळा, कॉलेजची इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांना लागणारी कमी फी)
- वर्षातल्या रात्री कुठे जास्त

पाचवी ओळ लोक हमखास विसरतात. न्यू जर्सीत अँकरची, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीची, रक्कम दरवर्षी खात्यात पडते, आणि ती मुख्य घरासाठीच असते. न्यूयॉर्कमध्ये स्टार सवलत, तीही मुख्य घराचीच. फ्लोरिडात होमस्टेड. तिकडे अँकर घ्यायचा आणि इकडे न्यूयॉर्कचा रहिवासी म्हणून सही करायची, म्हणजे आपल्याच दोन सह्या एकमेकींविरुद्ध साक्ष देणार.

तपासा: सगळ्या खुणा एकाच बाजूला आल्या तर प्रश्न मिटला. दोन्हीकडे विखुरल्या असतील तर तुम्ही दोन डगरींवर पाय ठेवून उभे आहात. अशा वेळी कुठेच रहिवासी लायसन्स घेऊ नका. आधी टप्पा ४ करा.

टप्पा ३: दोन्ही राज्यांचे नियम शेजारी ठेवून वाचा

नियमात तीन गोष्टी शोधायच्या: मुदत, व्याख्या आणि नकार.

मुदत म्हणजे किती दिवसांचं वास्तव्य लागतं. न्यूयॉर्कला ३० दिवस, न्यू जर्सीला सहा महिने. विस्कॉन्सिन ३० दिवस, मिनेसोटा ६०. कोलोरॅडो, आयडाहो, ॲरिझोना सहा महिने. मोंटाना सलग १८० दिवस, वायोमिंग पूर्ण वर्ष, अलास्का १२ महिने. फ्लोरिडा दिवस मोजत नाही. फ्लोरिडा हेच आपलं एकमेव राज्य असं जाहीर केलेलं आणि तिथल्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र मागतं.

हे दिवस लायसन्स घेण्याच्या *लगेच आधीचे* असावे लागतात. "दहा वर्षांत मिळून तिथे दोनशे दिवस राहिलोय" हा हिशोब चालत नाही. आणि नुसतं राहून घड्याळ सुरू होत नाही. राहणं आणि तिथेच बिऱ्हाड करण्याचा इरादा, दोन्ही एकत्र लागतात. उन्हाळ्यात दोन महिने केबिनमधून लॅपटॉपवर काम केलं म्हणून न्यूयॉर्कचे ३० दिवस भरले असं होत नाही. ती लांबलेली सुट्टी झाली.

व्याख्या टप्पा २ मध्ये आलीच. राहिला नकार, आणि माणसं सापडतात ती तिथेच. पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांच्या नियमात असं वाक्य आहे की दुसऱ्या राज्यात *कुठल्याही कारणासाठी* रहिवासी असल्याचं सांगितलेलं नसावं. मोंटाना, वायोमिंग, आयडाहो, ॲरिझोना, कोलोरॅडो या सगळ्यांत हे आहे. कुठल्याही कारणासाठी म्हणजे खरंच कुठल्याही: मुलाची इन-स्टेट फी, होमस्टेड, मासेमारीचं वीस डॉलरचं रहिवासी लायसन्स. शिकारीचं घेतलं नाही, फक्त मासेमारीचं घेतलं होतं, ही सबब मी दोनदा ऐकली आहे.

सावध: टॅक्सच्या रहिवासाचा नियम इथे लावू नका. न्यूयॉर्कच्या आयकरात तिथे कायम वापराचं घर आणि १८४ दिवस हा वेगळा हिशोब आहे, आणि त्यात दिवसाचा थोडा भागही अख्खा दिवस धरतात. न्यू जर्सीत राहून रोज मॅनहॅटनला नोकरीला जाणाऱ्या आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेला सुट्टीचं घर असलेल्या एका गृहस्थांचं प्रकरण २०२२ मध्ये अपील न्यायालयात गाजलं. वर्षातून दोन-तीन आठवडे वापरलेलं ते घर कायम वापराचं नाही, असा निकाल त्यांच्या बाजूने लागला. शिकारीच्या खात्याला या गणिताशी देणंघेणं नाही. ते बिऱ्हाड विचारतं.

टप्पा ४: बिऱ्हाड खरंच हलवत असाल तर कागद या क्रमाने

खरंच हलवत असाल तरच. लायसन्ससाठी कागद हलवून स्वतः मात्र जुन्या घरीच राहायचं, याला साध्या मराठीत खोटं प्रतिज्ञापत्र म्हणतात.

१. तारीख ठरवा. ज्या दिवसापासून नवं घर मुख्य घर, तो दिवस वहीत लिहा. पुढचे सगळे कागद त्या तारखेच्या मागे-पुढे जमले पाहिजेत.

२. ड्रायव्हिंग लायसन्स. न्यूयॉर्कला रहिवासी झाल्यापासून ३० दिवसांत, न्यू जर्सीला ६० दिवसांत बदलावं लागतं. जुनं परत करावं लागतं. दोन राज्यांची दोन रिअल आयडी (केंद्राच्या निकषांवरची ओळखपत्रं) ठेवता येत नाहीत.

३. गाडीची नोंदणी आणि विमा. विमा कंपनीला आधी सांगा, मग नोंदणी. उलटं केलं तर मध्ये एखादा आठवडा विम्याविना जाण्याची भीती.

४. मतदार नोंदणी, फक्त नागरिक असाल तर. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण आपल्या लोकांसाठी यात मोठा खड्डा आहे. डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असेल तर तिथे खूण करायची नाही, काउंटरवरच्या बाईंनी सवयीने विचारलं तरी नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा झाला तर पुढे हरीण राहतं बाजूला, इमिग्रेशनचं प्रकरण उभं राहतं. रहिवास दाखवायला मतदार कार्ड हा एकच पुरावा नसतो. नागरिक नसलेल्यांनी टॅक्स आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर भर द्यावा.

५. इमिग्रेशनला पत्ता. नागरिक नसाल तर एआर-११ फॉर्म १० दिवसांत. शिकारीशी थेट संबंध नाही, पण सरकारकडे एक पत्ता आणि शिकार खात्याकडे दुसरा असं नको.

६. जुन्या घरची सवलत बंद करा. अँकर, स्टार, होमस्टेड, जे असेल ते. त्यासाठी पत्र लिहावं लागलं तर त्याची प्रत ठेवा.

७. नोकरीवर पगारातून कापल्या जाणाऱ्या राज्याच्या टॅक्सची माहिती बदला, आणि त्या वर्षी दोन्ही राज्यांत वर्षाच्या काही भागाचा रहिवासी म्हणून रिटर्न भरा.

हे झाल्यावर थांबायचं. न्यू जर्सीतून न्यूयॉर्कला गेलात तर ३० दिवस, उलट आलात तर सहा महिने. मधल्या काळात हंगाम आला तर बाहेरच्याचं लायसन्स घ्या आणि खुशाल जा.

तपासा: नवरा-बायकोची बिऱ्हाडं वेगळी तपासली जातात. बायकोने नोकरीसाठी कोलोरॅडोला घर केलं म्हणून न्यू जर्सीत राहणाऱ्या नवऱ्याला तिथलं रहिवासी लायसन्स आपोआप मिळत नाही. लष्करातल्या लोकांना आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना बऱ्याच राज्यांत वेगळी सूट आहे. ती लागू असेल तर तो परिच्छेद स्वतः वाचा.

टप्पा ५: दिवसांचा पुरावा साठवा

मोंटानात एकदा रहिवासी झालात तरी पुढे दरवर्षी १२० दिवस तिथे राहावं लागतं. ते सलग नसले तरी चालतात, पण मागितले तर दाखवावे लागतात. वायोमिंगलाही वर्षात १८० दिवस प्रत्यक्ष राहणं लागतं. "मी होतो हो तिथे" एवढ्याने भागत नाही.

आमच्या ओळखीतले एक काका, नुकतेच रिटायर झालेले, हे काम फार छान करतात. स्वयंपाकघराच्या टेबलावर ई-झीपासचं, म्हणजे टोलचं, स्टेटमेंट पसरतात, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन्सिल. उत्तरेकडे जाणाऱ्या टोलपुढे "वर", परत येणाऱ्यापुढे "खाली", आणि दोन खुणांमधल्या रात्री मोजून शेजारी आकडा. काकू शेंगा सोलता सोलता म्हणतात, "पोराच्या मुंजीत आहेराची यादी पण अशीच केली होती यांनी." पण त्यांची फाइल मी पाहिली आहे. महिन्याचं एक पान, टोल, विजेचं बिल, औषधाच्या दुकानाची पावती. केबिनच्या विजेच्या बिलात जानेवारीचे युनिट जवळजवळ शून्य असतील तर जानेवारीत तिथे राहत होतो हे कुणाला पटणार नाही, हे त्यांना न सांगता कळलेलं आहे.

फोनमधली लोकेशन हिस्टरी चालू ठेवलीत तरी चालेल, पण फोन बदलला की ती जाते. कागद बरा.

टप्पा ६: खरेदी

लायसन्स काढण्याआधी त्या राज्याच्या वेबसाइटवरचं तुमचं खातं उघडा. नेहमीची चूक अशी: पूर्वी कधीतरी त्या राज्यात राहत होता, तेव्हाचं खातं अजून "रहिवासी" दाखवतं, आणि लॉगिन केल्यावर आपोआप स्वस्त दर येतो. माणूस खूश होऊन पैसे भरतो. पत्ता आणि रहिवासाची माहिती *आधी* बदला, मग कार्टमध्ये काही टाका.

सोशल सिक्युरिटी नंबर मागतील. तो केंद्राच्या कायद्यामुळे मागतात, त्यात काही फसवणूक नाही. हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या सुरक्षिततेच्या कोर्सचं) प्रमाणपत्र एका राज्याचं दुसऱ्या राज्यात चालतं, पुन्हा कोर्स करायची गरज नाही. बदकांच्या शिकारीसाठी लागणारा केंद्राचा डक स्टॅम्प दोन्ही राज्यांत एकच, २५ डॉलरचा. त्याला रहिवासाचा संबंध नाही. लायसन्सचं वर्षही पाहून घ्या: न्यूयॉर्कचं १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, न्यू जर्सीचं जानेवारी ते डिसेंबर. वर्षाच्या मध्ये बिऱ्हाड हलवलंत तर हातातलं जुनं लायसन्स कुठवर चालेल ते त्या खात्याला ईमेलने विचारा. उत्तर लेखी मिळालं की तेही फाइलमध्ये.

लायसन्स विकणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. हरणाच्या हंगामाआधीच्या शुक्रवारी रांगेत तीस माणसं असताना "घर आहे ना इथे? मग रेसिडेंट" असं म्हणून बटण दाबलं जातं. सही तुमची असते.

सावध, जमीनमालकांनी: काही राज्यं मोठ्या जमीनमालकांना वेगळे टॅग (एक जनावर मारण्याची परवानगी) देतात. वायोमिंगला त्यासाठी १६० एकर सलग जमीन आणि तिथे त्या प्राण्याचा वर्षाला २,००० दिवसांचा वावर लागतो (दहा प्राणी दोनशे दिवस, असा तो हिशोब). पाव एकराच्या केबिनमागे रोज हरणं येतात, एवढ्यावर काही मिळत नाही.

बंदुकीच्या दुकानातला "रहिवासी" वेगळा

हा टप्पा नाही, पण इथे इतका गोंधळ होतो की वेगळं लिहावं लागतंय. बंदूक विकत घेण्याच्या केंद्राच्या नियमात दोन घरं असलेला माणूस, ज्या काळात ज्या घरी राहतोय त्या काळात त्या राज्याचा रहिवासी धरला जातो. म्हणजे तिथे दोन राज्यांचा रहिवासी असणं मान्य आहे. शिकार लायसन्समध्ये नाही. "दुकानदाराने मला इथला रहिवासी धरून रायफल विकली" हे खरं असू शकतं, आणि त्याच माणसाने त्याच आठवड्यात घेतलेलं रहिवासी लायसन्स तरीही चुकीचं असू शकतं.

एच-१बी, एच-४ किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आणखी एक गाठ आहे. अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. अपवादांपैकी एक म्हणजे कायदेशीर मिळालेलं, मुदतीतलं शिकार लायसन्स. म्हणजे तुमची बंदूक त्या कागदाच्या आधारावर उभी आहे. तो कागद खोट्या रहिवासावर काढलेला निघाला तर आधारच सरकतो. ऐंशी डॉलर वाचवायला असला धोका कुणी घेऊ नये. बाहेरच्याचं लायसन्सही या अपवादाला तितकंच चालतं. आणि बंदूक हातात घेण्याआधी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोला, शिकारीच्या मित्राशी नाही.

टप्पा ७: चुकीचं लायसन्स आधीच घेतलं असेल तर

- शिकारीला जाऊ नका. एकदाही नाही. न वापरलेलं चुकीचं लायसन्स आणि वापरलेलं चुकीचं लायसन्स यांत फार अंतर आहे.
- त्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या लायसन्स विभागाला स्वतः फोन करा, आणि त्याच दिवशी ईमेलने तेच लिहा. चूक कशी झाली ते दोन ओळींत सांगा, गोष्ट रचू नका.
- परतावा मिळो न मिळो, बाहेरच्याचं लायसन्स घेऊनच पुढे जा.
- हरीण आधीच मारलं असेल तर फोनआधी वकील.

शेवटची ओळ घाबरवण्यासाठी नाही. बेकायदा मारलेलं जनावर राज्याच्या सीमेपार नेलं की १९०० सालचा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण केंद्राकडे जाऊ शकतं. दोन घरं असलेला माणूस मांस एका घरातून दुसऱ्या घराच्या फ्रीझरमध्ये नेणारच. शिवाय १९८९ पासून राज्यांमध्ये करार आहे, त्यात आता जवळजवळ सगळी राज्यं आहेत: एका राज्याने लायसन्स निलंबित केलं की बाकीचीही ते मानतात. केबिनच्या राज्यात केलेली चूक अशी राहत्या घरापर्यंत येते.

सगळं कायदेशीर असेल तरी सीमा ओलांडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. हरणांच्या क्रॉनिक वेस्टिंग रोगामुळे न्यूयॉर्क बाहेरच्या राज्यातून अख्खं हरीण आत आणू देत नाही. न्यू जर्सीत मारलेलं हरीण केबिनवर न्यायचं असेल तर आधी हाडं काढून मांसाचे तुकडे करून, मेंदू आणि पाठीचा कणा मागेच ठेवून निघा.

दरवर्षी ऑगस्टमध्ये

टप्पा २ चा तोच कागद पुन्हा काढा आणि खुणा नव्याने करा. मधल्या वर्षात कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं: गाडीचा विमा केबिनच्या पत्त्यावर स्वस्त पडतो म्हणून हलवलेला, मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला लागलेली, किंवा टॅक्सवाल्याने सवयीने मागच्याच राज्याचा फॉर्म भरलेला. सप्टेंबर उजाडायच्या आत ते सरळ करून घ्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागाचा हंगाम उघडतो त्या पहाटे, ते करायला वेळ नसतो.